सातासमुद्रांपलीकडे पहिले पाऊल : डॉ. आनंदीबाई जोशी

थोर स्त्रियांची चरित्रे आपण शाळेत वाचतो, तेव्हा त्यांच्या जन्माचे साल, मिळालेली पदवी आणि मृत्यूची तिथी एवढेच बहुधा ध्यानात राहते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचेही तसेच झाले आहे. अमेरिकेस जाऊन डॉक्टर झालेली पहिली महाराष्ट्रीय स्त्री, एवढ्या एका वाक्यात आपण त्यांना मखरात बसवून ठेवले. पण अठरा वर्षांची एक मुलगी नऊवारी लुगडे नेसून, कपाळी कुंकू लावून, एकटी परक्या खंडाच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्यापुढे काय वाढून ठेवले होते? तिथे ती काय जेवली, थंडीत काय नेसली, कोणाला आपली म्हणाली, आणि घरून आलेल्या पत्रांना तिने काय उत्तर दिले? संसार केलेल्या बाईच्या मनात हे प्रश्न आधी येतात. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त त्याच अंगाने हे चरित्र सांगावे, असे योजिले आहे.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास झाला. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळी संपन्न होते, पुढे परिस्थिती उतरत गेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी नऊ वर्षांची होताच १८७४ साली तिचे लग्न झाले. नवरा गोपाळ विनायक जोशी हे पोस्टखात्यात कारकून, बिजवर आणि वयाने बरेच मोठे. सासरी तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळराव हा विलक्षण मनुष्य होता. बायकोला शिकवावयाचे, ही त्यांची लग्नापासूनची अट आणि ध्यास. चूल आणि मूल यांपलीकडे बाईने पाहू नये, असे मानणाऱ्या समाजात हा गृहस्थ बायकोच्या हाती पुस्तक देत असे, आणि ते वाचले नाही म्हणून तिच्यावर हातही टाकीत असे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि चरित्र सांगताना एक झाकून दुसरी सांगणे योग्य नव्हे. पोस्टातील बदल्यांमुळे हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत फिरत बंगालपर्यंत गेले. बदलीचे गाव नवे, भाषा नवी, शेजार नवा. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या, पायांत बूट घालणाऱ्या या मुलीला पाहून लोक थांबत, हसत आणि नको ते बोलत. परदेशी जाण्याआधी आपल्याच देशात परके होऊन राहण्याचा सराव आनंदीबाईंना असा झाला होता.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, हे शल्य त्यांच्या मनात कायमचे रुतून बसले. त्या काळी आपल्याकडे बाळंतिणीची खोली ही घरातली सर्वांत अंधारी खोली असे. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यास स्त्रिया लाजत, घरचे लोक जाऊ देत नसत, आणि स्त्री डॉक्टर तर औषधालाही मिळत नसे. दुखणे सांगता न आल्यामुळे किती आयाबहिणी गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. आपण डॉक्टर व्हावे ही इच्छा आनंदीबाईंच्या मनात अशी रुजली. ती केवळ नवऱ्याची हौस राहिली नाही. ती त्यांची स्वतःची झाली.

अमेरिकेचा धागा जुळला तो मोठ्या योगायोगाने. कोल्हापुरास असताना १८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून, बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा केली होती. हा पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आला. धर्मांतर केल्यास मदत मिळेल, असा त्यातील उत्तराचा रोख होता, आणि गोपाळरावांना ते मान्य नव्हते. प्रकरण तिथेच मिटावयाचे. पण १८८० साली न्यू जर्सी संस्थानातील रोझेल या गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे गेल्या असता, आपली पाळी येईपर्यंत तेथे पडलेले जुने मासिक चाळू लागल्या आणि त्यांच्या नजरेस ते पत्र पडले. एका अनोळखी देशातील मुलीची शिकण्याची तळमळ वाचून त्यांचे मन कळवळले. त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले.

त्या पत्रापासून दोघींचा जो स्नेह जमला तो आनंदीबाईंच्या अंतापर्यंत आणि अंतानंतरही टिकला. एकमेकींना न पाहता त्या तीन वर्षे पत्रे लिहीत होत्या. आपल्याकडचे सणवार, लग्ने, बालविवाहाने होणारे हाल, असे अनेक विषय आनंदीबाई लिहीत. त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाही नाजूक होती. ताप आणि डोकेदुखी पाठ सोडीत नसे. मावशींनी अमेरिकेहून औषधे धाडली, पण गुण आला नाही. परक्या खंडात पाय ठेवण्याआधी तिथे आपले एक माणूस जोडलेले असणे, ही केवढी शिदोरी! ती त्यांनी पत्रांनी मिळविली.

गोपाळरावांना रजा आणि पैसा या दोन्हींची अडचण होती. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने पुढे जावे असे ठरले. विवाहित ब्राह्मण स्त्रीने एकटीने समुद्र ओलांडावयाचा, हे ऐकून बंगालातील महाराष्ट्रीय मंडळींतही खळबळ उडाली. समुद्रपर्यटन केले की धर्म बुडाला, अशी समजूत तेव्हा पक्की होती. या सर्व आक्षेपांना उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथे, कॉलेजच्या सभागृहात, आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. अठरा वर्षेही पुरी न झालेली मुलगी इंग्रजीतून बोलली. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, येथे राहून ते शिक्षण का मिळत नाही, आणि आपण जशा हिंदू म्हणून जात आहोत तशाच हिंदू म्हणून परत येऊ, हे त्यांनी शांतपणे आणि मुद्देसूद मांडले. प्रवासखर्चासाठी अंगावरचे दागिने विकले.

७ एप्रिल १८८३ रोजी आगबोट कलकत्त्याहून निघाली. बोटीचे नाव ‘सिटी ऑफ कलकत्ता’. सोबतीला अमेरिकेस परत जाणाऱ्या मिशनरी स्त्रिया होत्या. आज आपल्या गोंदियाच्या स्थानकावरून हावड्याची गाडी धरावी आणि दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास उतरावे, एवढे ते शहर आपल्याला जवळ आहे. १८८३ साली मात्र नागपूरमार्गे कलकत्त्यास जाणारा सलग लोहमार्गही झालेला नव्हता. तो १८९१ साली पुरा झाला. तोवर मुंबईकडून कलकत्त्यास जाणारी आगगाडी जबलपूर आणि अलाहाबाद यांवरून जात असे. ज्या काळी आपल्या मुलुखातून कलकत्ता गाठणे हेच मोठे काम होते, त्या काळी या मुलीने कलकत्त्याहून पुढे अर्ध्या पृथ्वीचा प्रवास केला, हे मनात आणले म्हणजे त्या अंतराची कल्पना येते.

सुएझच्या कालव्यातून लंडन, आणि तेथे बोट बदलून न्यूयॉर्क, असा तो मार्ग. सुमारे दोन महिन्यांचा जलप्रवास. आनंदीबाई मांसाला शिवत नसत, आणि बोटीवर शाकाहारी माणसासाठी निराळे काही शिजत नसे. त्यामुळे पुष्कळ दिवस त्यांनी बटाट्यांवर काढले. बरोबरीच्या काही बायका त्यांना धर्माचा उपदेश करीत, त्याचाही जाच होताच. पोटात अन्न नाही, समुद्र लागतो आहे, बोलायला आपल्या भाषेचे माणूस नाही. माहेरहून सासरी जाताना पाठराखीण देण्याची आपली रीत आहे. या मुलीच्या पाठीशी कोणी पाठराखीण नव्हती.

४ जून १८८३ रोजी बोट न्यूयॉर्कच्या बंदरास लागली. हडसन आणि ईस्ट या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले ते शहर तेव्हाही अमेरिकेतील सर्वांत मोठे होते. आनंदीबाई उतरण्यापूर्वी अवघे अकरा दिवस, २४ मे रोजी, ईस्ट नदीवरचा ब्रुकलिनचा झुलता पूल रहदारीस खुला झाला होता. पोलादी दोरांवर तोललेला तेवढा लांब पूल तोवर जगात दुसरा नव्हता, आणि शहरभर त्याचीच चर्चा चालू होती. गंमत अशी की, तो पूल पुरा होण्यास एका स्त्रीचे परिश्रम कारणीभूत झाले होते. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग आजारी पडून अंथरुणास खिळल्यावर त्यांची पत्नी एमिली हिने वर्षानुवर्षे कामावर जाऊन त्यांच्या सूचना पोचविल्या, अभियांत्रिकीचे ज्ञान संपादन केले आणि काम तडीस नेले. बायकांच्या हातून काय होऊ शकते, याचा केवढा दाखला त्या बंदराशी उभा होता!

धक्क्यावर मावशी न्यावयास आल्या होत्या. तीन वर्षे अक्षरांतून ओळखलेले माणूस प्रथमच डोळ्यांनी पाहावयाचे, ही भेट दोघींनाही अपूर्व होती. तेथून मावशींनी त्यांना आपल्या घरी, रोझेलला नेले.

रोझेल म्हणजे न्यूयॉर्कच्या गर्दीपासून दूर असलेले लहान, झाडीचे गाव. ऋतू उन्हाळ्याचा, म्हणजे तिकडचा सर्वांत सुखाचा. नव्या खंडाची ओळख या घरातून झाली, हे आनंदीबाईंचे भाग्य. बाहेरचे जग काचेच्या खिडकीतून पाहावे तसे त्यांनी ते आधी एका कुटुंबातून पाहिले. घरात कार्पेंटर पतिपत्नी आणि त्यांच्या मुली. मुलींशी आनंदीबाईंची चटकन गट्टी जमली. ज्या वयात आपल्याकडे मुलगी दोन लेकरांची आई होऊन स्वयंपाकघरात पिचत असे, त्या वयाच्या मुली तिथे मोकळेपणी शाळेत जात, बागेत खेळत, वडीलधाऱ्यांसमोर बसून बोलत. लहानपण न मिळालेल्या या मुलीला त्या उन्हाळ्यात थोडेसे लहानपण मिळाले, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि तिनेही आपले घर तिथे नेले. तिची लुगडी, बांगड्या, कुंकू हा त्या घरात कौतुकाचा विषय झाला. रोझेल सोडण्यापूर्वी तिने आपल्या पद्धतीची मेजवानी घातली. अमेरिकन बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आणि काटे-चमचे बाजूला ठेवून हातांनी जेवल्या. परक्या देशात गेलेला मनुष्य बहुधा तिथले शिकण्याच्या घाईत असतो. आनंदीबाईंनी शिकण्याबरोबर शिकविलेही. आपल्या रीती दाखविताना त्यांना संकोच वाटला नाही, आणि त्यांचे पाहताना नाकही मुरडले नाही. नव्या जागी कसे वागावे याचा एवढा चांगला धडा दुसरा नसेल.

सुगीचे दिवस थोडेच असतात. फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले. अमेरिकेतही स्त्रीने डॉक्टर होणे तेव्हा सहज नव्हते. एलिझाबेथ ब्लॅकवेल या तेथील पहिल्या पदवीधर स्त्री डॉक्टर १८४९ साली झाल्या. पुढे १८६९ साली याच फिलाडेल्फियात महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी एका मोठ्या रुग्णालयात शिकावयास गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची विटंबना केली होती. मतदानाचा अधिकार तर तेथील स्त्रियांना देशभर १९२० पर्यंत मिळाला नाही. तेव्हा तिकडे सर्व काही उजेड आणि इकडे सर्व काही अंधार, असे समजण्याचे कारण नाही. तिथल्या बायकाही झगडत होत्या. फरक एवढाच की, झगडण्यासाठी त्यांनी एक महाविद्यालय उभे केले होते, आणि त्याचे दार त्यांनी हिंदुस्थानातील मुलीला उघडून दिले.

महाविद्यालयाच्या प्रमुख डीन रेचल बॉडली यांनी आनंदीबाईंचा अर्ज वाचून त्यांना घेतले आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर्सची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यास सुरू झाला. उन्हाळ्यात पाहिलेला देश आणि हिवाळ्यात भोगलेला देश यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारून येते, रस्त्यांवर बर्फ साचते. आनंदीबाईंना राहावयास मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट चालत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवावी तर हाडे गोठावयाची वेळ. शाकाहार सोडावयाचा नाही हा निश्चय, आणि तिथल्या भाजीपाल्याच्या जेवणात त्या थंडीला पुरेल असे फारसे काही नाही.

या थंडीने एक असा प्रश्न उभा केला, जो पुरुषांच्या चरित्रात कधी येत नाही. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला म्हणजे पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या हवेत त्याचे काही वाटत नाही, कामाला तर तेच सोयीचे. पण बर्फात त्या पोशाखाने आजारपण ओढवावयाचे, आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीने पाय उघडे दिसणे हे असभ्यही. आनंदीबाईंनी विचार करून गुजराती पद्धतीने, घोळ पायांपर्यंत सोडून, आत परकर घालून साडी नेसावयाचे ठरविले. परदेशी झगा घातला नाही, आणि हट्टाने पायही गारठू दिले नाहीत. आज आपण हसू, की एवढ्याशा गोष्टीचे काय मोठे! परंतु एवढ्यासाठीसुद्धा त्यांना हजारो कोसांवरच्या नवऱ्याला पत्र लिहून संमती विचारावी लागली. पत्र जाऊन उत्तर यावयास महिने लागत. थंडी काही उत्तराची वाट पाहत थांबत नव्हती.

गोपाळरावांकडून येणारी पत्रे सारखीच नसत. कधी उत्तेजन, तर कधी पोशाखावरून आणि वागण्यावरून संशयाने भरलेली बोचरी वाक्ये. ज्याने आग्रह धरून परदेशी धाडले तोच आता दुरून दोरी ओढू लागला. येथे आनंदीबाईंचा खरा कस लागला. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी नवऱ्याला लहानपणापासूनच्या माराची आठवण करून दिली. दहाव्या वर्षी लाकडाने मारले, खुर्च्या नि पुस्तके अंगावर फेकली, सोडून जाण्याची धमकी दिली, हे सगळे एकामागून एक मांडले. लहान वयात हिंदू मुलीला निमूट सोसण्यावाचून दुसरा मार्ग नसतो, हेही सांगितले. त्या पत्रात आदळआपट नाही. नवऱ्याच्या उपकारांची जाणीवही त्यांनी कधी सोडली नाही. पण खरे ते लिहिले. जी मुलगी नवऱ्यासमोर डोळे वर करून बघत नव्हती, तिला हे लिहिण्याचे बळ कोठून आले? मला वाटते, महिना-महिना स्वतःचे पैसे स्वतः पुरविताना, आजारात एकटीने उठून अभ्यासाला जाताना आणि काय नेसावे, काय खावे याचा निर्णय स्वतः घेताना ते आले. नव्या खंडाने त्यांना जे दिले ते केवळ शरीरशास्त्राचे ज्ञान नव्हते.

महाविद्यालयात देशोदेशींच्या मुली होत्या. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात तिघी शेजारी बसल्या आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशाच्या वेशात. तिघींच्या भाषा तीन, धर्म तीन, आणि शिकावयाची विद्या एक. पुढे ओकामी १८८९ साली आणि इस्लामबुली १८९० साली पदवीधर झाल्या. आपण एकट्याच घराबाहेर पडलो असे वाटणाऱ्या प्रत्येकीला त्या छायाचित्राने धीर यावा.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. परदेशी विद्या शिकताना आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीविषयी काय लिहून ठेवले आहे, याचा त्यांनी शोध घेतला. गोपाळराव १८८५ सालीच अमेरिकेस जाऊन पोचले होते. तिकडे व्याख्याने देऊन अमेरिकन समाजावर टीका करीत हिंडल्याने त्यांनी आनंदीबाईंच्या स्नेह्यांना अवघडवून टाकले होते. पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या. रमाबाई या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पुरे केले. एकाच सालात हिंदुस्थानच्या दोन लेकी डॉक्टर झाल्या.

कोल्हापूर संस्थानने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले. हेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ज्या कोल्हापुराहून अमेरिकेसाठी पहिले पत्र गेले होते, तेथेच डॉक्टर म्हणून बसण्याचा योग जुळून आला होता. पण क्षयाने शरीर आतून पोखरले होते. ९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्या न्यूयॉर्कहून निघाल्या. बंदरात स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा तेव्हा उभा राहत होता. त्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबरला, म्हणजे त्या निघाल्यानंतर एकोणीस दिवसांनी झाले. १६ नोव्हेंबर रोजी त्या मुंबईस पोचल्या. ज्या समाजाने जाताना बोल लावले त्यातल्याच अनेकांनी आता कौतुक केले. परंतु कौतुक घेण्याइतकेही बळ उरले नव्हते. पुष्कळ उपचार झाले, गुण येईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात एकाही बाईची नाडी त्यांना पाहावयास मिळाली नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवलेल्या आहेत आणि वर शिळा आहे. ज्या खंडावर त्या परक्या म्हणून उतरल्या, तिथे त्यांना घरच्या माणसांमध्ये जागा मिळाली.

मग या साऱ्या खटाटोपाचे फळ काय, असा प्रश्न त्या वेळीही काहींनी केला असेल. हिशेबाच्या वहीत पाहिले तर शून्य. पण त्यांच्या मागून काय घडले ते पाहावे. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिले, ते आपल्या आईच्या आणि आनंदीबाईंच्या स्मृतीस वाहिले. प्रस्तावना डीन बॉडलीबाईंनी लिहिली. त्या पुस्तकाने अमेरिकेत जी सहानुभूती आणि जो पैसा जमला, त्यातून मुंबईस शारदासदन उघडले, तो दिवस ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे होत होती. शारदासदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला तोही ११ मार्चलाच, १८९३ साली, आणि लग्नानंतर तिचेही नाव आनंदीबाई झाले. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी बाया कर्वे गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. तसेच रखमाबाई. लहानपणी लावलेले लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या या महाराष्ट्रीय स्त्रीने १८९४ साली इंग्लंडात वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि सुरत व राजकोट येथे बायकांची आयुष्यभर सेवा केली. आनंदीबाईंना जे करावयाचे होते ते रखमाबाईंच्या हातून झाले. आणि काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहून, मराठीत एका स्त्रीचे चरित्र एका स्त्रीने लिहिण्याचा पायंडा पाडला.

आपल्या गोंदियातही आज बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे, आणि २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पांढरा कोट घातलेल्या मुली तेथे शिकताना दिसतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी या आडबाजूच्या गावांतून बाळंतिणी येतात आणि लेकरू कुशीत घेऊन घरी परततात. हे सगळे एका बाईने केले असे कोणी म्हणणार नाही. पण बाळंतिणीला डॉक्टरकडे नेण्याची लाज वाटू नये आणि मुलीने ती विद्या शिकावी, यासाठी ज्यांनी प्रथम आपले शरीर झिजविले, त्यांत हे नाव अग्रभागी आहे.

भगिनींनो, आपल्या घरातील मुली आता नागपूर-पुण्यास आणि काही परदेशीही शिकावयास जातात. त्यांना निरोप देताना आपण डबे भरून देतो, सांभाळून राहा म्हणतो. त्याबरोबर आनंदीबाईंच्या चरित्रातील दोन गोष्टी आपण आईबापांनीही गाठीस बांधाव्यात. एक, दूर गेलेल्या मुलीला तिथे एक मावशी हवी असते. आपल्या गावात परगावाहून शिकावयास आलेली मुलगी दिसली, तर तिची मावशी होणे आपल्या हाती आहे. आणि दुसरे, तिला थंडीत काय नेसावे एवढ्यासाठी महिनाभर उत्तराची वाट पाहावयास लावू नये. तिला धाडले ते तिच्यावर विश्वास ठेवून, हे पत्रातूनही तिला कळत राहिले पाहिजे. मंडळाच्या वर्धापनदिनी त्या बावीस वर्षेही न जगलेल्या विदुषीचे स्मरण एवढ्यासाठीच केले.